वरच्या खोलीतलं ॲन आर्बर

दोन वर्षं मी मिशिगनमध्ये ॲन आर्बरला शिकत होते, असं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कॅरीतली आमची सगळी माणसं समजत होती. त्या गावात मी तोवर पाऊलही ठेवलं नव्हतं. मी होते कॅरीतच, आमच्या भाड्याच्या टाउनहाउसमध्ये, गॅरेजवरच्या खोलीत. सकाळी बाबांची जुनी गाडी घेऊन कम्युनिटी कॉलेजात जायचं, दुपारी गाडी थेट गॅरेजात घालून दार खाली येईपर्यंत आतच बसून राहायचं, आणि घरी कुणी येणार असेल तर वर जाऊन कडी लावून घ्यायची, असा माझा दिनक्रम होता. त्या खोलीत एक गादी, एक फोल्डिंगचं टेबल, आईची शिवणाची मशीन आणि नागपूरहून येताना आणलेल्या बॅगा होत्या. खिडकीतून समोरच्यांचं बास्केटबॉलचं जाळं दिसायचं. आईने त्या खोलीलाच ॲन आर्बर म्हणायला सुरुवात केली होती. "ॲन आर्बरमधले कपडे खाली टाक गं, मशीन लावतेय," असं ती जिन्याखालून ओरडायची आणि आम्ही दोघी हसायचो. म्हणजे पहिल्या वर्षी हसायचो.

हे खोटं कुणी बसून रचलेलं नव्हतं. शाळेच्या शेवटच्या वर्षी मला ॲन आर्बरच्या विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र आलं, तेव्हा बाबांनी ते त्याच मिनिटाला नागपूरला आजोबांना पाठवलं. आजोबा रेल्वेत फिटर होते. त्यांच्या चार मुलांत बाबा एकटे इंजिनिअर झाले आणि कंपनीच्या व्हिसावर अमेरिकेत आले, त्यामुळे नातीने डॉक्टर व्हायचं हे घरात कुणी बोलून दाखवायचीही गरज नव्हती. पत्र पोचलं आणि आठवड्याभरात आमच्या वस्तीतल्या विहारात माझ्या गैरहजेरीत माझा सत्कार झाला. शाल आजोबांनी घेतली. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर माझा शाळेच्या ओळखपत्रावरचा झोपाळू फोटो आणि नावाआधी ठळक अक्षरांत 'डॉ.' लावलेलं. मी हसून हसून लोटपोट झाले होते. इकडे कॅरीत बाबांनी आमच्या सगळ्या जयभीमवाल्या कुटुंबांना जेवायला बोलावलं, हातात माइक नसताना माइक धरल्यासारखी मूठ करून भाषण केलं आणि भाषणाच्या मध्येच रडले.

जूनमध्ये बाबांची नोकरी गेली. अमेरिकेत व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी जाते तेव्हा नुसता पगार जात नाही, देशात राहायचा हक्कही त्याच्या पाठोपाठ दाराकडे निघतो. दोन महिन्यांत दुसरी कंपनी मिळाली नाही तर परत जायचं, असा तो मामला होता. मिळाली, अगदी काठावर मिळाली, आणि पगार कितीतरी कमी. आम्ही व्हिसावरचे, तेव्हा सरकारी मदत नाही, सरकारी कर्ज नाही. ॲन आर्बर संपलं. घरी राहून स्वस्तात जिथे शिकता येईल ते कम्युनिटी कॉलेज, मग दोन वर्षांनी मोठ्या कॉलेजात ट्रान्सफर, एवढाच रस्ता उरला. आई म्हणाली, "सध्या कुणाला काही सांगू नका. एक सेमिस्टर जाऊ दे, काहीतरी होईल." मी हो म्हणाले. हे इथे नीट लिहिलं पाहिजे, कारण पुढे कित्येक वर्षं मी ते सगळं आईच्या माथी मारत आले. आईने दार लोटलं असेल, कडी माझ्या हाताने लागली होती.

लपून राहण्याचंही एक शास्त्र असतं. पाहुणे यायच्या आधी आई शू रॅकवरून माझे बूट उचलायची, बाथरूममधला तिसरा टूथब्रश ड्रॉवरमध्ये टाकायची. अमेरिकेतली घरं लाकडाची, वरच्या माणसाने कूस बदलली तरी खाली करकर ऐकू येते, म्हणून कुठल्या फळीवर पाय ठेवायचा आणि कुठली ओलांडायची हे मला पाठ झालं होतं. पाहुणे असताना फ्लश करायचा नाही. अगदीच अडलं तर आईला मेसेज करायचा, मग ती खाली चटणी करायच्या निमित्ताने मिक्सर लावायची आणि त्या घरघराटात मी माझं उरकून घ्यायची. आमच्याकडे इतकी चटणी का करतात, असं एका काकूंनी एकदा विचारलंही होतं. इंडियन ग्रोसरीत मी दोन वर्षं गेले नाही. केसांना तेल लावायचं सोडलं, कारण कॉलेजात कुणी आपल्याकडची बाई भेटली तर निदान लांबून तरी ओळखू नये. आज हे लिहिताना मला त्या पोरीची दया येत नाही, चीड येते. एवढी अक्कल लपण्यात घातली, ती सरळ चार लोकांना सांगण्यात घातली असती तर काय बिघडलं असतं?

ज्यांना सांगायला सगळ्यात सोपं होतं ते म्हणजे रामटेके काका. आमच्या सगळ्यांत तेच वयाने मोठे, सगळ्यांच्या आधी इकडे आलेले. जवळच्या रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या एका औषधांच्या कंपनीत ते केमिस्ट होते. आमच्यातल्या प्रत्येक पोराने केमिस्ट्री शिकली ती त्यांच्या जेवणाच्या टेबलावर. भिजवलेले काबुली चणे आणि टूथपिक घेऊन ते रेणू बांधून दाखवायचे. चणा म्हणजे कार्बन. तास संपला की काकू तेच कार्बन गोळा करून त्यांची उसळ टाकायच्या आणि आम्ही ती पावासोबत खायचो. काकांचं एकच तत्त्व होतं, न समजलेलं समजलं म्हणायचं नाही. "नाही समजलं म्हणायला लाज वाटते का तुला? मग डॉक्टर कायले होतेस, पेशंटचा जीव घेशील ना बापा," असं ते अस्सल नागपुरी सुरात म्हणायचे आणि पुन्हा पहिल्या चण्यापासून सुरू करायचे.

मी "ॲन आर्बरला गेल्यावर" ते दर रविवारी सकाळी दहाला फोन करू लागले. मी वरच्या खोलीत पावणेदहालाच फोन घेऊन तयार असायची, कारण त्यांचा पहिला प्रश्न हवामानाचा असायचा. "काय मॅडम, किती आहे तिकडे?" मी आधीच बघून ठेवलेलं तापमान सांगायची. कधी बर्फही पाडायची. "बूट चांगले घेतलेस ना?" "हो काका." "बरं. कागद घे." मग तासभर ऑरगॅनिक केमिस्ट्री. आमच्या घरापासून त्यांचं घर गाडीने आठ मिनिटांवर. तिथे टेबल होतं, चणे होते, काकूंची उसळ होती, आणि मी मिशिगनच्या थंडीत कुडकुडत फोनवर रेणू ऐकत होते.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत काका-काकू खरोखरच ॲन आर्बरला निघाले. काकूंची भाची तिथे राहायची. काकूंनी आईला फोन केला, प्रज्ञासाठी, म्हणजे माझ्यासाठी, काही द्यायचं असेल तर द्या, गाडीने चाललोय, जागा आहे. आईला नाही म्हणता येईना. तिने दोन दिवस खपून तिखट शेव, चकल्या आणि तिळाचे लाडू केले. मी तिच्या शेजारी उभी राहून लाडू वळत होते. आइसक्रीमचा मोठा डबा घेऊन त्यात ते भरले, झाकणावर मास्किंग टेप लावून माझं नाव लिहिलं. "आई, धिस इज क्रेझी," मी म्हटलं. "पाठवते कुणाला? मी इथे आहे." आई लाडवांवर कागद अंथरत होती. "माहीत आहे मला तू कुठे आहेस," ती म्हणाली, आणि टेप बोटाने घट्ट दाबत राहिली. काका डबा न्यायला आले तेव्हा मी वर होते. दोन दिवसांनी त्यांचा ॲन आर्बरहून फोन आला. मी परीक्षेचं कारण सांगितलं, भाचीकडे डबा ठेवा म्हटलं, मी घेऊन जाईन. काका म्हणाले, "बरं. अभ्यास कर." त्यानंतर त्यांनी मला हवामान विचारणं बंद केलं. रविवारचा फोन यायचा, पण थेट "कागद घे" पासून सुरू व्हायचा. ते माझ्या लक्षात आलं होतं आणि त्याचा अर्थ मी लावायचा नाही असं ठरवलं होतं.

त्या सगळ्या काळात जिवाला एकच ध्यास होता, ट्रान्सफरचा. डोंगरातलं एक जुनं कॉलेज दरवर्षी कम्युनिटी कॉलेजमधल्या मोजक्या मुलांना घ्यायचं आणि घेतलं की सगळा भार उचलायचं. व्हिसा कुठला, ते त्यांच्या लेखी आड येत नव्हतं. तिथून मेडिकल स्कूलला गेलेल्या मुलांची नावं मी रात्रंदिवस घोकत असे. एकविसाव्या वाढदिवसाला बाबांच्या व्हिसावरून माझं नाव निघणार होतं. मग विद्यार्थी व्हिसासाठी खर्चाचे पैसे दाखवावे लागतात; त्याआधी कुठल्या तरी कॉलेजचा पक्का आधार नसेल तर ते बाबांकडे मागायचे, आणि बाबांकडे द्यायला काही नव्हतं. म्हणून प्रत्येक विषयात पहिला नंबर, शनिवारी नर्सिंग होममध्ये काम, तेही फुकट, कारण पगार घ्यायची मला मुभा नव्हती. तिथेच त्यांनी आम्हाला सीपीआरचा, म्हणजे छाती दाबून बंद पडलेलं हृदय चालवायचा, कोर्स करायला लावला. शिकवणाऱ्या बाईंनी एक रेकॉर्डिंग लावलं होतं. हृदय बंद पडलेला माणूस काही वेळ घोरल्यासारखा आवाज काढतो, मधे थांबतो, पुन्हा काढतो. लोकांना वाटतं श्वास चालू आहे. "हा श्वास नाही," त्या म्हणाल्या, "हा आवाज आला की थांबू नका." त्यांनी ते तीन वेळा ऐकवलं. परीक्षा पास झाल्याचं कार्ड मी पाकिटात ठेवलं, अर्जात लिहायला एक ओळ मिळाली म्हणून मी खूश होते.

अर्जात सगळं होतं, फक्त निबंध अडला होता. ज्या प्रसंगाने तुम्ही बदललात त्याबद्दल लिहा, असा विषय. माझ्या आयुष्यात प्रसंग नव्हता. होती ती एक खोली.

आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी आळीपाळीने कुणाच्या तरी घरी वंदना असायची. फेब्रुवारीत आमची पाळी आली. अशा दिवशी मी एरवी लायब्ररीत जाऊन बसायची, पण त्या सकाळी रस्त्यावर बर्फाची काच झाली होती आणि बाबा म्हणाले, गाडी काढायची नाही. आईने पाटवड्यांचा रस्सा केला होता, खिरीला वेलदोडे कुटले होते. माझं ताट तिने आधीच वाढून, वर दुसरं ताट झाकून, ॲन आर्बरला पोचवलं. दहाच्या सुमारास माणसं आली. बुटांवरचा बर्फ झटकल्याचे आवाज, जयभीम, जयभीम, अरे किती घसरतंय, मुलांना आत घ्या. मग सगळे शांत झाले आणि त्रिशरण सुरू झालं. मी वर गादीवर बसून ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर म्हणत होते. पाच शीलांतलं चौथं खोटं न बोलण्याचं. ते आलं की दर वेळी मी गप्प व्हायची, तशीच त्या दिवशीही झाले. खाली आईचा आवाज मात्र स्पष्ट येत होता.

वंदनेनंतर कुणीतरी काकांना दोन शब्द बोला म्हणालं. त्यांनी मुलांना अभ्यासाबद्दल नेहमीचं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आपली प्रज्ञा बघा. पोट्टी जिथे आहे तिथे मेहनत करते. जिथे आहे तिथे. ते महत्त्वाचं." टाळ्या पडल्या. मग ताटं मांडल्याचा, खुर्च्या सरकवल्याचा गलका झाला. मी वर भाकरी मोडत होते. लॅपटॉपवर निबंधाचं कोरं पान उघडं होतं. एक खुर्ची पडली, आणि तिच्याबरोबर काहीतरी जड पडलं. स्टीलचं ताट फरशीवर गरगरत राहिलं, ते थांबायला खूप वेळ लागला.

"अहो, काय झालं? अहो!" काकूंचा आवाज. मग एकदम सगळ्यांचे. पाणी आणा. शुगर कमी झाली असेल, साखर द्या. बाजूला व्हा, हवा येऊ द्या. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरा म्हणालं. आणि मग त्या सगळ्या आवाजांच्या खालून तो आवाज आला. घोरल्यासारखा. थांबला. पुन्हा आला. "श्वास आहे, श्वास आहे," दुसरे एक काका ओरडले, "घाबरू नका वहिनी, श्वास चालू आहे."

मी दाराशी पोचले होते. कडी काढली. जिन्याला तेरा पायऱ्या होत्या, चौथ्या पायरीवरून कठड्याच्या फटीतून हॉलचा तुकडा दिसायचा. मी चौथ्या पायरीपर्यंत उतरले आणि थांबले. मला काकांचे पाय दिसत होते. पांढरे मोजे, एका टाचेला काकूंनी रफू केलेलं. बाबा फोनवर इंग्रजीत पत्ता सांगत होते, पलीकडच्याला कळत नव्हतं, ते पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. मला सगळं माहीत होतं. काय झालंय, काय करायचं, हात कुठे ठेवायचे. आणि मी उभी होते. डोक्यात काय चाललं होतं तेही मला आठवतं, विसरले असते तर बरं झालं असतं. मी खाली गेले की वीस माणसं वर बघतील. मी मोजे घालून, विस्कटलेल्या केसांनी, तोंडात भाकरीचा घास घेऊन आमच्याच जिन्यावरून उतरताना दिसेन. आईचं काय होईल? आजोबांचं? ॲम्ब्युलन्स येतेच आहे. इतक्या शिकलेल्या माणसांत कुणाला तरी सीपीआर येत असेल. आणखी थोडं बघू. तो आवाज पुन्हा आला, आधीपेक्षा उशिराने. मी कठडा धरून उभी होते.

"प्रज्ञा!"

आई ओरडली होती. ती काकांच्या उशाशी बसली होती, आणि तिने मान वर करून सरळ जिन्याकडे बघून हाक मारली होती, लहानपणी मी रस्त्यात धावले की मारायची तशी. "प्रज्ञा, खाली ये! लवकर ये गं, तुला येतं ना हे!" ज्या बाईने दोन वर्षं माझे बूट लपवले, तिला एवढं ओरडायला जेवढा वेळ लागला तेवढाही मला लागायला नको होता. मी उतरले. उरलेल्या पायऱ्या कशा उतरले ते आठवत नाही. माणसं बाजूला झाली. मी काकांच्या छातीवर हात ठेवले आणि दाबायला लागले, मोठ्याने मोजत, इंग्रजीत, कारण मला ते इंग्रजीतच शिकवलं होतं. हाताखाली बरगडी कडकन वाजली. कुणीतरी "अगं, मोडेल ना" म्हणालं. काकूंनी त्यांचा हात हातात धरला होता. बर्फामुळे ॲम्ब्युलन्सला उशीर झाला. ॲम्ब्युलन्सवाले आले तेव्हा माझ्या दंडांत जीव उरला नव्हता आणि त्यातल्या एकाने मला खांद्याला धरून उठवलं, "गुड जॉब" म्हणाला. माझ्या आयुष्यात मला इतकं वाईट कुणी काही बोललेलं नाही.

काका हॉस्पिटलमध्ये पोचायच्या आधीच गेले होते, हे आम्हाला तिथल्या एका लहानशा खोलीत बसवून सांगितलं. काकू रडल्या नाहीत. त्यांच्या साडीच्या पदरावर रस्सा सांडला होता, तो त्या नखाने खरवडत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. जणू मी आत्ताच दिसले अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कधी आलीस गं, बाळा?"

आई माझ्या शेजारी होती, बाबा दाराशी. दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा सांगायला हवं होतं. समोर बाई बसली होती जिचा नवरा तासाभरापूर्वी गेला, तिला काय सांगायचं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. पण तसं नव्हतं. मला सवय झाली होती. "आत्ताच, काकू," मी म्हणाले. "आत्ताच आले." काकूंनी मान हलवली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "शेवटी तुझे हात लागले त्यांना."

आणि तेच खरं ठरलं. ज्यांना संशय आला असेल त्यांनी काकूंच्या तोंडून ऐकलं, पोरगी त्याच सकाळी विमानातून उतरली होती, सगळ्यांना सरप्राइज द्यायला वर बसली होती. मरण झालेल्या घरी कोण शहानिशा करणार? आईने जे एका हाकेत मोडलं ते काकूंनी पुन्हा जोडून दिलं. आई त्यानंतर त्या खोलीला ॲन आर्बर म्हणाली नाही. ती आणि मी त्या जिन्याबद्दल कधीही बोललो नाही. मी किती वेळ उभी होते हे तिला माहीत होतं का, ते मी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

तेराव्या दिवशी नव्हे, आमच्यात तसलं काही नसतं, पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही काकूंच्या घरी गेलो. मी स्वयंपाकघरात मदत करत होते. तांदूळ काढायला पँट्रीचं दार उघडलं तर वरच्या फळीवर आइसक्रीमचा डबा, झाकणावर मास्किंग टेप, टेपवर आईच्या अक्षरात माझं नाव. मी तो खाली काढला. शेव, चकल्या, लाडू, सगळं तसंच. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. "अगं, तो तुझाच. भाचीकडे ठेवत होते मी, तर हे म्हणाले, परत घेऊन चल, पोट्टी आपल्याले तिकडे कॅरीतच भेटेल. मला काही कळलंच नाही. तू तर इथे होतीस कुठे?" मी डबा पोटाशी धरून उभी राहिले. ज्या माणसाला मी दिसू नये म्हणून चौथ्या पायरीवर थांबले, त्याला मी कधीपासून दिसत होते. लाडू खवट झाले होते. मी ते घरी वरच्या खोलीत नेऊन आठवड्याभरात सगळे खाल्ले.

अर्जाची मुदत जवळ आली होती. निबंधाचं पान कोरं होतं. मी बसले आणि एका दुपारी लिहून काढला. पाटवड्यांचा वास, गरगरणारं ताट, रफूचा मोजा, इंग्रजीतले आकडे, हाताखालची बरगडी. काबुली चणे सुद्धा घातले. पहिल्या वाक्याचा अर्थ असा होता: आवाज ऐकताक्षणी मी जिना धावत उतरले. बाकी शब्द न् शब्द खरा होता. मुलाखतीत समोरच्या बाईंचे डोळे भरून आले. मे महिन्यात पत्र आलं, सगळा भार उचलणारं. बाबांनी या वेळी ते नागपूरला पाठवलं नाही, वाचून घडी घातली आणि मला जवळ घेतलं. मंडळींना सांगितलं की ॲन आर्बर सोडून मोठ्या कॉलेजात ट्रान्सफर मिळाली. सगळे म्हणाले, वा.

मी डॉक्टर झाले. जिथे असे पेशंट येतात त्याच विभागात तीस वर्षं काढली. उभ्या राहिलेल्या एकेका मिनिटाची किंमत काय असते ते मला आता नेमकं माहीत आहे, ते मी इथे लिहिणार नाही. कदाचित मी पहिल्या आवाजाला उतरले असते तरी काका वाचले नसते. असं मी पेशंटच्या नातेवाइकांना रोज सांगत असे, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

काकू आता माझ्या गावाजवळच्या वृद्धाश्रमात असतात. त्यांना मूल नव्हतं, तेव्हा मीच आणलं. नव्वदीला टेकल्या आहेत, पण डोकं शाबूत. मी दर रविवारी दहाला जाते. नवीन कुणी मदतनीस आली की त्या माझी ओळख करून देतात, ही तीच, त्या दिवशी विमानातून उतरली आणि ह्यांच्या छातीवर हात ठेवले. मी हसते. मागच्या रविवारी त्या टेबलाशी बसून जेवणाच्या हॉलमधले धुतलेले नॅपकिन घडी करत होत्या, ते काम त्यांनी मागून घेतलं आहे. मधेच थांबून म्हणाल्या, "तुझं विमान किती वाजता उतरलं होतं गं त्या दिवशी? मला आठवतच नाही."

मी त्यांच्या समोर बसले होते. माझे केस त्यांच्याइतकेच पांढरे झालेत. "विमान नव्हतं, काकू," मी म्हणाले. "मी घरातच होते. वरच्या खोलीत. दोन वर्षं तिथेच होते." मग सांगितलं, कम्युनिटी कॉलेज, बूट, डबा, चौथी पायरी. फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी कमी वेळ लागला.

काकू नॅपकिनची कडा कडेला लावत होत्या. ती नीट लागल्यावर त्यांनी हाताने घडी दाबली.

"ते घोरल्यासारखं करत होते ना," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणत होते, श्वास आहे, श्वास आहे."

"हो, काकू."

"मग तुला वर ऐकू आलं असेल."

"आलं," मी म्हणाले.